ब्यूरोच्या मावशींचा पगार कुठल्या रकान्यात?

कट्ट्यावर तिघे. क्लेमवाला टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, फायली तपासतो, दुसरा फिजिओ, तिसरा सीए. सत्तरीपुढच्या आईवडिलांची आरोग्य विम्याची पॉलिसी ठेवावी की सोडावी, यावरून जुंपली होती.

सीए म्हणाला, "सोडा आणि हप्त्याचे पैसे एफडीत टाका. जुन्या करप्रणालीत पॉलिसी नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळतात. रोखीनं मात्र द्यायचे नाहीत."

"आणि खुबा मोडला की?" क्लेमवाला. "२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाकडे जावं लागतं. सलग पाच वर्षं भरलेली पॉलिसी असेल तर 'बीपी लपवलं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ही पाच वर्षं तू एका सहीत घालवणार?"

"मग क्लेम अर्धामुर्धा का येतो?"

"खोलीमुळे! समज, पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,०००. मुलानं कौतुकानं ६,००० ची खोली घेतली, पाच दिवस. भाड्याचे १५,००० कापले जातात, इथवर लोकांना कळतं. पण सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे समज १,२०,००० झाले, तर तेही खोलीच्या प्रमाणात, म्हणजे निम्मेच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर कंपनीला लेखी विचारा, तरीही ऐकलं नाही तर विमा लोकपाल. तो फुकट आहे. तर औषधं-इम्प्लांट-तपासण्यांचे समज ९०,००० शाबूत. २,४०,००० च्या बिलातले १,६५,००० मान्य, त्यावर समज २० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा. हातात १,३२,०००."

"त्यापेक्षा आयुष्मान भारत या सरकारी योजनेचं वय वंदना कार्ड काढा," सीए म्हणाला. " ७० पूर्ण असले की झालं, उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार."

"काढाच. खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. पण घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. रुग्णालय यादीतलंच हवं. आणि वय आधारवरचं बघतात. जन्मसाल चुकलेलं असेल तर ते आजच दुरुस्त करा, रुग्णवाहिकेत बसल्यावर नाही."

इतका वेळ फिजिओ गप्प होता. "तुम्ही दोघं दवाखान्याच्या दारातच अडकलात. म्हातारं माणूस पाच दिवसांत घरी येतं. पुढचे सहा महिने कोण भरतो?"

"हॉस्पिटलनंतरचे साठ दिवस बऱ्याच पॉलिसींत असतात," सीए म्हणाला.

"औषधं, तपासण्या, फेरतपासणी. ब्यूरोतून देखभालीला येणाऱ्या मावशी नाहीत! बहुतेक पॉलिसींत काय मिळत नाही त्या यादीत ०५ क्रमांकाचा कोड असतो, तो वाचा. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून चालवणं ही काळजी घरी असो की नर्सिंग होममध्ये, प्रशिक्षित नर्सनं केली तरी मिळत नाही. डायपर तर दवाखान्यातल्या बिलातूनही वजा होतात. बारा तासांच्या मावशी रोज ८०० नं धरल्या तरी महिन्याचे २४,००० झाले, रात्रपाळी वेगळी. वर भाड्याचा पलंग, हवेची गादी, वॉकर."

"फिजिओचे तरी मिळतात का?" सीएचा आवाज आता जरा खाली आला होता.

"पॉलिसीत बसत असेल तर. पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'फिजिओ घ्या' लिहिलेलं चालत नाही. कशासाठी, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे, हे डॉक्टरांकडून घरी निघण्याआधीच लिहून घ्या. नंतर कोणी लिहून देत नाही. फिजिओच्या बिलावर नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक भेटीची तारीख हवी."

क्लेमवाल्यानं मान डोलावली. "तारखा नसलेली एकगठ्ठा बिलं परतच जातात."

"आता गंमत ऐक," फिजिओ म्हणाला. "पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. मावशी परवडल्या नाहीत, कूस बदलली गेली नाही, माकडहाडाशी जखम झाली, ती चिघळली. शस्त्रक्रिया करून मेलेलं मांस काढायला पुन्हा भरती केलं. त्याचा क्लेम?"

"तो मिळतो," क्लेमवाला म्हणाला. "खोली ३,००० च्या आत घेतली तर पूर्ण. को-पे सोडून."