चार तोंडांची डबी

काल सकाळी साडेनऊच्या सुमारास, फाटकाबाहेर राळेगाव रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना आणि काट्यावर एक भरलेला ट्रॅक्टर उभा असताना, आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या काटाघरातील संगणकावरचा माऊसचा बाण स्वतःच्या मर्जीने धावू लागला. आधी तो उजव्या कोपऱ्यात गेला, तेथे त्याने दोन याद्या उघडल्या, मग त्या ट्रॅक्टरच्या भरलेल्या वजनाची नोंद रद्द केली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला. मी माऊस उचलला, उलटा केला, फुंकला, अखेरीस त्याची वायरच उपसून काढली. तरीही बाण धावतच होता. आमचे दिवाणजी चष्म्यावरून ते पाहत म्हणाले, "भाऊ, हा तं पयूनच राह्यला. कोनी हात लावला असन." काय बिघडले हे कोणाला कळण्याआधीच 'कोणी हात लावला असेल' असा निकाल देणाऱ्या माणसांचा मला मनापासून संताप येतो, आणि कालही तो आला.

हा पराक्रम माऊसचा नव्हताच. तो होता टेबलाखाली बसवलेल्या त्या चार तोंडांच्या यूएसबी ते सीरियल डबीचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सीरियल वायरी संगणकाच्या यूएसबी छिद्राला जोडून देणाऱ्या डबीचा. काट्याचे इंडिकेटर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणारे यंत्र, संगणकाला जोडण्यात ज्यांनी आयुष्याची काही वर्षे घातली आहेत, त्यांना पुढचे सांगायला नकोच. इंडिकेटर बिचारे नेमून दिल्याप्रमाणे सेकंदाला कित्येकदा वजन ओरडत असते. संगणक नवा पोर्ट, म्हणजे जोडणीचे नवे तोंड, दिसला की त्याला कान लावतो, त्या आकड्यांच्या गोंगाटात त्याला १२०० च्या वेगाने बोलणारा पुराणकाळचा सीरियल माऊस ऐकू येतो, आणि 'सीरियल बॉलपॉइंट' नावाचे यंत्र सापडल्याची नोंद करून तो मोकळा होतो. बॉलपॉइंट! आमच्याकडे बॉलपॉइंट म्हणजे दिवाणजींच्या खिशातले पाच रुपयांचे पेन. पाच टनांचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो आणि या महाभागाला वाटते की कोणीतरी बोटाने माऊस हलवत आहे. जो सीरियल माऊस गेल्या वीस वर्षांत मी कोणाच्याही टेबलावर पाहिलेला नाही, त्याच्या स्वागतासाठी हा संगणक आजही दार उघडे ठेवून बसतो आणि रोज ज्याचे काम पडते त्या काट्यासाठी मात्र तेच दार आतून लावून घेतो, कारण एकदा त्या काल्पनिक माऊसने पोर्ट धरला की काट्याच्या सॉफ्टवेअरला तो उघडताच येत नाही.

ही खोड मला नवी नव्हती. मागच्या सीझनमध्येच मी चारही पोर्टांच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन 'सीरियल एन्युमरेटर' या, पोर्टावर माऊस वगैरे काही आहे का हे संगणकाला शोधायला लावणाऱ्या, चौकटीतली खूण काढून टाकली होती आणि त्या आनंदात दिवाणजींना चहाही पाजला होता. मग ती खूण परत आली कशी? मी डिव्हाइस मॅनेजर उघडले, अर्थात कीबोर्डवरून, कारण बाण माझ्या ताब्यात नव्हता. तेथे जे दिसले त्याने उरलेसुरले डोकेही फिरले. परवा संध्याकाळपर्यंत कॉम ३ ते कॉम ६ अशा क्रमांकांचे असलेले माझे चार पोर्ट रातोरात कॉम ११ ते कॉम १४ झाले होते, आणि आमच्या काट्याच्या सॉफ्टवेअरमधील यादी ९ वर संपते. कॉम १० आणि त्यापुढचा पोर्ट उघडताना त्याच्या नावाआधी उलट्या तिरप्या रेघा आणि टिंब लावावे लागते, एवढी एक ओळ ज्याला लिहिता आली नाही त्या सद्गृहस्थाची कंपनी दर वर्षी आमच्याकडून देखभालीचे पैसे मात्र बिनचूक मोजून घेते. मी तेथे फोन लावला. पलीकडच्या मुलाने नाव, गाव, तक्रार असे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, एकदा रीस्टार्ट करून पाहा."

मधले ७ ते १० कोठे गेले, असे कोणी विचारील. ते गेले नाहीत, ते मेलेल्यांच्या नावावर आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा उघड्यावरच्या काट्यातून वायरीवाटे आत येऊन तिने जी दोन तोंडांची डबी जाळली, तिचे दोन क्रमांक आणि त्याआधी नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेल्या दोन सुट्या वायरींचे दोन क्रमांक संगणकाने अजून जपून ठेवले आहेत. सातबाऱ्यावरून आजोबांचे नाव एकवेळ लवकर कमी होईल, पण कचऱ्यात गेलेल्या डबीचा पोर्ट क्रमांक कमी करायचा तर लपलेली यंत्रे दाखवा, फिकट दिसणारी नावे शोधा आणि एकेक करून उपटा. काल तेवढा वेळ कोणाकडे होता? बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते, एक बंडीवाला बैल सोडून सावलीला बसला होता आणि दिवाणजी कार्बन लावून हाताने काटापावत्या फाडत होते.

म्हणून मी सरळ जुनेच क्रमांक दडपून दिले. 'हा क्रमांक दुसऱ्याच्या वापरात आहे' असे संगणकाने बजावले, त्याला मी रागाने 'होय' म्हटले आणि बॉलपॉइंटला हाकलून लावले. सॉफ्टवेअर सुरू झाले, वजन आले, बाहेरच्या लाल आकड्यांच्या बोर्डावर ते उमटले आणि रांगेत एकदम हशा पिकला. ट्रॉली गच्च भरून आलेल्या ट्रॅक्टरचे वजन बोर्डावर १६८ किलो दिसत होते. रुईची एक गाठ १७० किलोची धरतात हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असल्यामुळे रांगेतून आवाज आला, "काऊन बा, पुरा ट्रॅक्टर एका गाठीत बसवला का?" घाईत मी पहिल्या आणि चौथ्या पोर्टाची अदलाबदल केली होती आणि प्रेसघरातल्या गाठीच्या काट्याचे वजन ट्रॅक्टरच्या नावावर चढत होते. दोन्ही इंडिकेटर एकाच बनावटीचे, दोघांचाही वेग ९६००. वेग वेगळा असता तर निदान कचरा तरी दिसला असता. येथे आकडा इतका साळसूद होता की मीही क्षणभर फसलो.

विषय निघालाच आहे तर या डब्या बनवणाऱ्यांना मला आणखीही काही विचारायचे आहे. डबीच्या तोंडाला दोन षटकोनी नट आणि केबलच्या तोंडालाही तसेच दोन नट, तर स्क्रू आवळायचा कोठे आणि कशाने? ड्रायव्हर अजूनही तळहाताएवढ्या सीडीवर का देता, जेव्हा ती घालायला फट असलेला संगणक मालकांनी तीन वर्षांपूर्वीच भंगारात काढला आहे? संदेश घेण्या-पाठवण्याच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना सरळ आहेत की उलटसुलट, हे खोक्यावर छापायला किती शाई लागते? या सीरियल जोडणीचे मानक असलेल्या आरएस-२३२ चे 'सी' रूप १९६९ चे आहे; म्हणजे निदान माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षापासून ही पिनांची कटकट जगात आहे आणि अजूनही मला प्रत्येक वेळी मल्टिमीटर काढावा लागतो. नकली चिपांची तर कथाच वेगळी. २०१४ मध्ये अशा डब्यांतल्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच पुसून शून्य करून टाकला होता, आणि बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. तेव्हापासून 'ओरिजिनल चिप आहे ना?' असे दुकानदाराला विचारणे आणि 'शंभर टक्के साहेब' असे उत्तर ऐकणे हा माझ्या खरेदीचा एक विधी झालेला आहे.

दुपारी दोनला गर्दी ओसरल्यावर, जेवणाचा डबा तसाच झाकलेला ठेवून, मी टेबलाखाली शिरलो. कारण तेथे होते. आमच्या डबीतल्या एफटी ४२३२ एच या चिपमध्ये चार वाहिन्या असतात, पण तिला स्वतःचा अनुक्रमांक लक्षात ठेवायला बाहेरून एक चिमुकला ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी लिहिलेले न विसरणारा स्मृतीचा तुकडा, जोडावा लागतो, आणि आमच्या डबीवाल्याने तेवढे चार पैसे वाचवले आहेत. त्यामुळे डबीला स्वतःचे नाव नाही. संगणक तिला ओळखतो ते ती कोणत्या छिद्रात बसली आहे त्यावरून. लग्नानंतर सासरी मुलीचे नाव बदलायची चाल आता आमच्याकडेही मोडत आली, पण ही डबी शेजारच्या छिद्रात गेली तरी तिचे चारही क्रमांक नवे होतात आणि मी केलेली सगळी सेटिंगे माहेरीच राहतात. परवा रात्री ती शेजारच्या छिद्रात गेली होती. ती का गेली, हे मला टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेलो असतानाच आठवले. लाईन गेली होती, यूपीएसवर संगणक चालू होता, माझा मोबाईल चार टक्क्यांवर आला होता, आणि चार्जिंगसाठी हाताला लागली ती पहिली वायर मी उपसली होती. घरी निघताना ती परत लावलीही होती. अंधारात.

म्हणजे कोणी हात लावला होता, हे दिवाणजींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मी त्यांना ते अजून सांगितलेले नाही. सकाळभर ज्या ड्रायव्हरला, ज्या सॉफ्टवेअरवाल्याला आणि फोनवरच्या त्या गरीब मुलाला मी जे जे बोललो त्यातले निम्मे मागे घ्यायला मी तयार आहे. ईईप्रॉम न बसवणाऱ्याला बोललो ते नाही.

रात्री साडेनऊपर्यंत बसून एकतीस हाती पावत्या संगणकात चढवल्या, चारही पोर्टांची एन्युमरेटरची खूण पुन्हा काढली, डबीची वायर तिच्या मूळ छिद्रात घालून सुतळीने आवळली आणि शेजारच्या छिद्रावर चिकटपट्टी मारली. आज सकाळी मालक हसतमुखाने काटाघरात आले. त्यांनी कापसाची आर्द्रता मोजायचे एक यंत्र आणले आहे, ज्याचा आकडा थेट पावतीवर यावा अशी त्यांची इच्छा आहे. यंत्र मी उलटे करून पाहिले. मागे नऊ पिनांचे तोंड आहे, आणि डबीची चारही तोंडे भरलेली आहेत.