'नारळाला भोक म्हणजे माकडच' हा मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी हे वाचा

कोकणातल्या बागवाल्यांच्या ग्रूपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, बागेतलं नुकसान कुणी केलं ते ओळखायचे चार नियम. नारळाला भोक म्हणजे माकड, जमीन उकरली म्हणजे डुक्कर, रात्रीत फळं गेली म्हणजे वटवाघूळ, पानं खाल्ली म्हणजे भेकर. आणि शेवटी डुकराला विष घाला म्हणून सल्ला. चारही नियम अर्धवट आहेत, आणि चुकीचा चोर धरला की खर्च फुकट जातो आणि नुकसान चालूच राहतं, म्हणून एकेक बघूया.

नारळाचं आधी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. कोवळं फळ झाडाखाली पडलंय, देठाकडच्या टोपीजवळ गोल भोक, कडेला बारीक दातांचे ओरखडे, तर तो उंदीर, तो माडावरच बसून रात्री खातो. माकडं येतात दिवसा, टोळीने, फळं ओढून तोडतात, पाणी पितात आणि खातात त्यापेक्षा जास्त फेकतात, आवाजही होतोच. तिसरं शेकरू, त्याचं भोक मोठं आणि वेडंवाकडं, आणि पोखरलेला नारळ बरेचदा वरच लटकत राहतो. आता उंदरासाठी खोडाला साधारण 2 मीटरवर गुळगुळीत पत्रा गुंडाळतात तो उपाय चांगला आहे, पण झावळ्या शेजारच्या माडाला टेकत असतील तर उंदीरसुद्धा वरच्यावर येतो, आणि शेकरू तर उडी मारूनच येतं, त्याला पत्र्याचं काय? (शेकरू आपला राज्यप्राणी आहे, त्याला हात लावायचा नाही.)

उकरलेली जमीन. डुक्कर नाकाडाने लांबच्या लांब माती उलथतं, गांडुळं, हुमणी, कंद सगळं शोधत, आणि ओल्या मातीत दोन खुरांमागे दोन छोटे ठसेही दिसतात. पण एकाच सुरणाजवळ नेमका खड्डा आहे, किंवा माडाचं लहान रोप बुंध्यात कुरतडून आतला कोवळा गाभा खाल्लाय, तर ते साळिंदर, कुरतडलेल्या जागी छिन्नीने तासल्यासारख्या रुंद दातांच्या खुणा असतात. आजूबाजूला काटा पडलाय का ते नक्की बघा, मिळाला तर प्रश्नच मिटला. आणि बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असेल तर घूस.

फळांचं सोपं आहे. वटवाघूळ रस चोखून चोथ्याच्या गोळ्या थुंकतं, त्या झाडाखाली सापडतात. गडग्यावर किंवा दगडावर अख्ख्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर.

पानांचं म्हणाल तर भेकराला पुढचे वरचे दात नसतात, म्हणून कड फाटलेली राहते. सशाने खाल्लेला शेंडा तिरका, साफ कापलेला असतो, आणि तोही जमिनीलगतच. चकाकणारा चिकट माग दिसला तर गोगलगाय, तिथे कुंपण घालून काही होणार नाही.

विषाचं मात्र कुणीही ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो गुन्हा आहे आणि त्या विषाने गावातली कुत्री, गुरं पण मरतात, मेलेलं डुक्कर खाऊन बिबट्याही मरू शकतो. त्यापेक्षा ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, दातांच्या खुणांचा जवळून काढा, आणि भरपाईचा अर्ज 3 दिवसांच्या आत वनविभागाकडे द्या. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली रोपं उपटू नका, ठसे झाडून टाकू नका.