पत्र्यावरून पडला म्हणजे पिलेलाच होता?

मृगाच्या तोंडावर पत्र्याची कामं निघाली की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: "पत्र्यावरून पडतो तो नवखा, नाहीतर पिलेला. जुन्या मिस्त्रीला सेफ्टी पट्ट्याची अडचणच होते. दहा-बारा फुटांवरून पडून कुणी मरत नाही. आणि पिऊन पडला तर मालक एक रुपया देणं लागत नाही." गुत्तेदार मंडळी तो हौसेनं पुढे ढकलतात. ढकलणारच.

परभणी-जालन्याकडच्या एखाद्या जुन्या जिनिंगच्या शेडवर चढून बघा. सिमेंटचा पत्रा ऊन-पाऊस खाऊन ठिसूळ झालेला. उजेडासाठी मधेमधे टाकलेल्या फायबरच्या पत्र्यावर धूळ नि कापसाची फुसकी इतकी बसते, की शेजारचा सिमेंटचा कुठला नि हा कुठला ते कळत नाही. जुना मिस्त्री हुकांच्या ओळीवरच पाय टाकतो, कारण त्याखाली अँगल, म्हणजे पत्र्याला आधार देणारा लोखंडी दांडा, असतो. पण हातातल्या नव्या पत्र्यात वारं भरलं की पाऊल ओळ सोडतं, आणि माणूस खाली. त्याला नवखं असावं लागत नाही नि प्यावंही लागत नाही. दोन-तीन अँगलांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच चाललं, तर हे टळतं. फळी मात्र गुत्त्यात कुणी धरत नाही.

बारा फुटांवरून खाली यायला सेकंदही लागत नाही. आदळताना वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो. खाली कोबा असेल आणि डोकं आधी टेकलं, तर पुढचं सांगायला नको.

पट्ट्याबद्दल मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. नुसता कमरपट्टा लटकल्यावर पोटात रुततो. अंगभर येणाराच हवा. दोन मीटरची दोरी पायाजवळ बांधली, तर बारा फुटांवर ती ताणेपर्यंत पाय जमिनीला लागतात. म्हणून दोरी आखूड नि डोक्याच्या वर बांधायची, तीही पत्र्याच्या हुकाला नव्हे. वर जागाच नसेल तर खालून परांची किंवा जाळी.

राहिला पैशाचा मुद्दा. कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात नियम असा आहे, की नशेची सबब फक्त कमी इजेला चालते, तीही अपघात थेट नशेमुळेच झाला असेल तर. कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तो पिलेला होता असं सांगून कामावर ठेवणाऱ्याची सुटका होत नाही.