‘रणांगण’ ही केवळ प्रेमकथा नव्हे

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी ‘मराठीतील एक उत्कट प्रेमकथा’ आहे, हे एका लेखात वाचलेले विधान मला अपुरे वाटते. गेल्या महिन्यात ती दुसऱ्यांदा वाचताना (पहिल्यांदा कॉलेजात, तेव्हा मीही हेर्टा या ज्यू नायिकेसाठीच हळहळलो होतो) जाणवले, की भारतीय नायक चक्रधर आणि हेर्टा यांच्यातील ओढीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते दोघे युरोपातून ज्या बोटीने निघतात त्या बोटीवरील निर्वासित ज्यूंचे अधांतरी जगणे कादंबरीला आकार देते. चक्रधर मुंबईला उतरू शकतो, कारण त्याला घर आहे. हेर्टाला मात्र पुढेच जावे लागते. ही विषमता बाजूला ठेवली, तर १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ कसा लावायचा?