लिंकला लेखी परवानगी लागते म्हणे!

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून परवा एक लिंक उडाली. आमच्या भागात पाणी कधी सुटणार, त्या बातमीची. कारण काय, तर फिरून फिरून आलेला एक फॉरवर्ड: ‘मालकाच्या लेखी परवानगीशिवाय लिंक पाठवणे हा कॉपीराइटचा भंग. लिंक टाकणारा हाच प्रकाशक. अ‍ॅडमिनलाही अटक.’ नळाची वाट बघत दिवस मोजणाऱ्या गावात हे असं!

आधी परवानगीचं बघू. लिंकमध्ये मजकूर नसतो, नुसता पत्ता असतो. ती दाबली की तुमचा फोन त्या साइटच्या सर्व्हरकडे पान मागतो. द्यायचं की नाही, ते तिकडे ठरतं. मालकानं पान काढलं की माझी लिंक मेली. वर्गणी लावली की दार बंद. नवी पेठेत चादर कुठं चांगली मिळते हे पाहुण्याला सांगताना दुकानदाराची सही कोण घेतं? टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली ती अशा जोडण्यांवरच, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेनं ते तंत्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीनं लिंकचा उल्लेख आला. लिंक देण्यासाठी होणारी तात्पुरती साठवणूक हा भंग नाही, असं कलम ५२ सांगतं. अट एवढीच, की मालकाची स्पष्ट मनाई नसावी आणि माल चोरीचा असल्याची कल्पना नसावी. लेखी परवानगी त्यात कुठंच नाही.

‘प्रकाशक’ हा मुद्दा थोडा नाजूक. नुसती लिंक म्हणजे बदनामीकारक मजकुराचं प्रकाशन नव्हे, ती तळटीपेसारखी असते, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये म्हटलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. शिवाय लिंकवर ‘बघा हा चोर’ असं लिहिलंत, तर ते शब्द तुमचे आणि निस्तरायचंही तुम्हीच.

अ‍ॅडमिनच्या अटकेचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलंय: आधी संगनमत नसेल, तर सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिन दोषी नाही.

गंमत म्हणजे याच ग्रुपवर रोज सकाळी अख्ख्या पेपरची पीडीएफ येते, कधी नव्या सिनेमाची फाइलसुद्धा. ती मात्र खरीखुरी प्रत. तिच्यावर फॉरवर्ड नाही, काही नाही.

अ‍ॅडमिन काका, पाण्याची लिंक परत टाकतोय. पीडीएफ तेवढी काढा.