ठाण्याचा हिमयुगकाळ

दिवाळीनंतर आमचा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारं मशीन, होळीपर्यंत बाल्कनीत झोपतो. त्याआधी त्याच्या पोटातलं पाणी काढायचं, एवढंच काम. परवा रविवारी पार्किंगमध्ये तेवढ्यासाठीच बसलो होतो.

तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. खाली बर्म्युडा, वर मंकी टोपी. मुलगा टोरांटोला, त्यामुळे काकांचं हवामानही तिकडचं.

"पंपात अँटीफ्रीझ घातलंस? पाणी गोठू न देणारं ते औषध?"

"काका, घोडबंदर रोडला?"

"येऊरचा वारा बघ कसा झोंबतोय! पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं. पंप उभा चिरतो. आमच्या चिरंजीवांचा चिरला."

नऊ टक्के खरे आहेत, म्हणून जास्त राग आला. पण पाणी शून्याला गोठतं आणि मोबाईल १८ अंश दाखवत होता. "इथे भीती क्षारांची," मी म्हटलं आणि पाण्याच्या तोंडावरची जाळी काढून दाखवली. टँकरच्या पाण्याचा पांढरा थर, टाकीचा गंज, दोन दाणे रांगोळीचे. काकांनी जाळी नाकाशी नेऊन पाहिली. "हा थर थंडीनेच धरलाय."

रांगोळी आमची नव्हे. मशीन माझ्या पैशाचं, फिरतं बिल्डिंगभर. मागताना गोड आवाज, परत करताना वॉचमनच्या हाती. यंदा कुणीतरी साबण टाकीतच ठेवून दिला, त्याची नळीत खडीसाखर झाली. कोमट पाणी घालून मी तासभर फुंकतोय. मेंटेनन्सच्या चार रुपयांवर दोन तास भांडणारी ही माणसं!

या तंद्रीत चूक झाली. मशीन बंद केलं, नळ बंद केला, पण ट्रिगर दाबून पाइपातला दाब सोडायचा राहिला. पाइप तसाच उपटला. फुर्र! चश्मा, बनियन, लेंगा, सगळं ओलं. काका कोरडे ठणठणीत.

"बघ, होतं ना पाणी आत? हेच गोठलं असतं!"

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज : 'थंडीत पंप सांभाळा'. खाली माझा ओला फोटो. चौदा अंगठे. एकाने तर विचारलं, मशीन शनिवारी मिळेल का?

मिळेल की. पण नोझल दिवाळीपासून काकांकडे आहे. जिन्यात गाठून विचारलं, तर मफलर सारखा करत म्हणाले, "घरात आहे रे, उबेला ठेवलंय."