किचन आयपॅड, तुम्ही म्यूटवर आहात

काल रात्री पावणेदहाला माझी शेड पुढच्या महिन्यावर ढकलली गेली. शेड म्हणजे फार काही नाही, बर्फ उडवायचं आणि गवत कापायचं अशी दोन यंत्रं ठेवायला आठ बाय बाराची लाकडी खोली. मॅसॅच्युसेट्समध्ये ही यंत्रं नसली तर शेजारी तोंड फिरवतात, आणि असली तर ठेवायला जागा नसते. माझ्याकडे जागा आहे, पण ती घरामागच्या डबक्यापासून बासष्ट फुटांवर. आपण त्याला डबकं म्हणून मोकळे होतो. इथे ते ‘वेटलँड’, म्हणजे पाणथळ जागा, आणि त्याच्या शंभर फुटांच्या आत काही बांधायचं तर गावच्या काँझर्वेशन कमिशनपुढे, म्हणजे अशा जागा जपणाऱ्या समितीपुढे, उभं राहावं लागतं.

उभं म्हणजे झूमवर बसून. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे इथल्या गव्हर्नरांनी मंडळांना घरबसल्या सभा घ्यायची मुभा दिली. गणपूर्तीपुरते सभासद एका खोलीत असलेच पाहिजेत ही अट उठवली. कोविड गेला, मुभा राहिली. हंगामी कारकुनासारखी ती दरवेळी मुदतवाढ घेते, सध्या जून 2027 पर्यंत आहे. मला काही तक्रार नव्हती. वर कुडता, खाली पायजमा, समोर आमटीभात. शेजारी आई, जी पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आहे आणि टीव्हीवर मराठी मालिका लागत नाहीत म्हणून या सभेलाच बसली होती.

सात जणांचं कमिशन, गणपूर्तीला चार लागतात, चारच आले होते. त्यातल्या एक बाई थंडीपुरत्या फ्लोरिडात, मागे खिडकीत नारळाचं झाड. एक जरी सभासद असा लांबून आला असेल तर प्रत्येक मतदान नाव पुकारून घ्यायचं असा नियम आहे. त्यामुळे मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायला चार नावं, चार ‘आय’, म्हणजे चार होकार. कुणाच्या तरी कुंपणाची तारीख बदलायला चार नावं, चार ‘आय’. तिसऱ्या फेरीला आईपण ‘आय’ म्हणायला लागली.

सव्वानऊला माझा नंबर लागला. मी नकाशा दाखवला, अंतर सांगितलं, दोन मिनिटांत आटोपलं. मग अध्यक्षांनी विचारलं, गावकऱ्यांपैकी कुणाला बोलायचंय? एक हात वर झाला. चौकोनावर नाव होतं ‘किचन आयपॅड’.

“किचन आयपॅड,” अध्यक्ष अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “नोंदीसाठी कृपया आपलं नाव आणि पत्ता सांगा.”

चौकोनात छताचा पंखा आणि एका कपाळाचा वरचा अर्धा भाग दिसत होता. कपाळ बोलायला लागलं. म्हणजे हलायला लागलं, आवाज नव्हता.

“किचन आयपॅड, तुम्ही म्यूटवर आहात.”

कपाळाला ते ऐकू गेलं नाही. ते रंगात आलं होतं. सुरकुत्या वर चढत होत्या, खाली उतरत होत्या, मध्येच एक बोट येऊन हवेत काहीतरी ठासून जात होतं. चारही सभासद नम्रपणे बघत होते. कुणी एकाने ‘म्यूट’ असं कागदावर लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं. उलटं. आई म्हणाली, “अरे, कुणीतरी सांगा त्या बाप्पांना, घसा सुकेल त्यांचा.” नागरिकाला बोलायला तीन मिनिटं असतात. तीन मिनिटं पूर्ण होताच अध्यक्षांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं, आणि नेमक्या त्याच क्षणी आवाज आला.

“...तर सॅलमँडरचं मी एवढंच सांगेन!”

नियमाला थोडी माया दाखवून अध्यक्षांनी आणखी एक मिनिट दिलं. ते 1978 च्या हिमवादळात गेलं. तेव्हा म्हणे बर्फ खिडकीच्या वर होता. तिथून गाडी आली टपालपेटीवर, जी नगरपालिकेच्या बर्फाच्या नांगराने दोनदा पाडली आहे. मग कुत्रा भुंकला आणि चौकोन काळा झाला.

पण ‘सॅलमँडर’ हा शब्द बोलला गेला होता.

“सॅलमँडर म्हणजे?” आईने विचारलं.

“पालीसारखं दिसतं. वसंतातल्या पहिल्या पावसाच्या रात्री अशा डबक्यात अंडी घालायला येतात.”

“पाल अंगावर पडली तर आपण आंघोळ करतो. हे मीटिंग घेतात?”

माझ्या मनात तोवर खरोखरच पाल चुकचुकली होती. पेंगुळलेले चारही चेहरे ताजेतवाने झाले होते. फ्लोरिडाच्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, “माझा अर्जदारांना एकच प्रश्न आहे, ते डबकं उन्हाळ्यात...” आणि तशाच थिजल्या. तोंड उघडं, मागे नारळाचं झाड. उरले तिघं. तिघांची सभा होत नाही. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या नारळाकडे बघत बसलो. बाई परत आल्या त्या एवढ्यासाठीच, की विषय पुढच्या महिन्यावर ढकलण्यात त्यांना त्यांचं ‘आय’ घालता यावं. चार नावं, चार ‘आय’. “आपल्या संयमाबद्दल आभार.” टुप्प.

संयम कसला? खिडकी बंद झाली, ओरडायला समोर कुणी उरलं नाही. आपल्याकडे सरकारी काम मीटिंगमध्ये कधीच होत नाही, ते जिन्यात होतं. साहेब उतरत असतात, आपण दोन पायऱ्या खाली फाईल धरून उभे असतो. झूमला जिना कुठून आणू? अर्जाची फी भरली, डबक्याची कड ठरवून झेंड्या लावणाऱ्या तज्ज्ञाला पैसे मोजले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना रजिस्टर्ड पत्रं धाडली, आणि मला घालवून देताना माझ्या तोंडाकडे बघायचीसुद्धा कुणाला गरज पडली नाही. हो, टाऊन हॉलमध्ये बोलावलं असतं तर बर्फात गाडी काढावी लागते म्हणून याच तोंडाने बोंबललो असतो, ते वेगळं.

आज सकाळी ताडपत्रीवरचा बर्फ झटकत होतो. ताडपत्रीखाली यंत्र. रस्त्यापलीकडचे आजोबा टपालपेटी सरळ करत होते. टोपी मागे सारलेली होती, त्यामुळे कपाळ लगेच ओळखलं.

“काय मग,” त्यांनी तिकडूनच हाक मारली, “काल तुझ्या बाजूने कसला भांडलो की नाही? पूर्ण तीन मिनिटं! झाली ना शेड मंजूर?”